टॉगल प्रकरणी माझा लेखी खुलासा

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींची सर्दी आणि समितीचं डोकं ही तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे. आमच्या हिची तब्येत ठणठणीत आहे. तुमच्या धाकट्या बहिणीचीही तशीच असावी, कारण दोघी बहिणी रोज सकाळी तासभर फोनवर बोलतात आणि आजारी माणसाला एवढं बोलणं झेपत नाही. न बोलणारे काय ते आम्ही दोघं साडू.

तुमची चिठ्ठी पोचली. शनिवारच्या प्रयोगात पडदा भलत्याच वेळी का पडला आणि खटका आधी कोणी दाबला, याचा खुलासा लेखी द्यावा, सोमवारच्या बैठकीत समिती आम्हा दोघांपैकी एकालाच कामावर ठेवणार आहे, असं तुम्ही लिहिलंत. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला चिठ्ठी लिहितानाही खाली ‘अध्यक्ष’ अशी सही केलीत, हे फार आवडलं. शिक्का तेवढा राहिला. असो. बावीस वर्षं पडद्याच्या दोरापाशी उभा असलेला मी आणि एकोणीस वर्षं समोरच्या विंगेत दिव्यांपाशी उभे असलेले साडूभाऊ, यांतला एक जण आता घरी बसून भाजी निवडणार. तो कोण, हे माझ्या या पत्रावर ठरणार असल्याने मी अगदी निःपक्षपातीपणे लिहितो आहे. (साडूभाऊंचा स्वभाव विचित्र आहे, हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे ते मी लिहीत नाही.)

तुमच्या चिठ्ठीत ‘टॉगलचा बेजबाबदार वापर’ असे शब्द आहेत. दादा, कोणत्या टॉगलचा? आमच्याकडे एक असतं तर रडलो नसतो. पडदा वर धरून ठेवणाऱ्या दोराच्या फासात जी वीतभर लाकडी खिट्टी अडकवलेली असते, तिला टॉगल म्हणतात. (आमचे जुने पडदेवाले आधी जहाजावर होते. उतरताना त्यांनी एवढा एक शब्द बरोबर आणला.) खिट्टीला बांधलेली बारीक दोरी ओढली की खिट्टी निघते, फास सुटतो आणि पडदा धाडकन खाली. झालं एक. नायकाच्या कोटाला गुंड्यांच्या जागी शिंगासारखे लांबट तुकडे आहेत, ते नाड्यांच्या फासांत अडकतात, तीही टॉगलं. त्यांना कोणी नुसतं बटण म्हटलं तर कपडेपटाच्या बाई कात्री खाली ठेवतात आणि चष्म्यावरून बघतात. सुताराने सूचनाफलक ज्या स्क्रूवर टांगलाय, जो भोकातून आत जाऊन भिंतीआड पंख पसरतो, तोही टॉगल. आणि आता तुमचे नवे सचिव. ते फोनवर एक पट्टी दाखवतात, तिच्यातला पांढरा ठिपका बोटाने सरकवला की पट्टी हिरवी होते. हे टॉगल, म्हणे. असे तीस ठिपके बसवले की दिवे, पडदा, घंटा सगळं एकच माणूस खुर्चीत बसून सांभाळील, असं त्यांनी समितीला पटवलंय. परवा तो ठिपका सरकवून दाखवताना त्यांनी स्वतःच्या सासूबाईंना फोन लावला, हा भाग समितीला सांगितला की नाही, कल्पना नाही.

या सगळ्यांत ज्याने आमचं वाटोळं केलं ते मात्र शेवटचं टॉगल, म्हणजे लाल दिव्याचा खटका. हा दिवा रंगमंचावर उंच टांगलेला आहे. दोन्ही विंगांतून दिसतो, प्रेक्षकांना दिसत नाही. दिवा लागलेला असला तर पात्राने आपल्या वाक्याला आत जायचं, विझलेला असला तर काहीही होवो, थांबायचं. तीन वर्षांपूर्वी वायरमनने त्याला दोन खटके बसवले, एक माझ्या बाजूला, एक साडूभाऊंच्या. जिन्याला असतात तसे, कुठूनही लावा, कुठूनही विझवा. मी तेव्हाच म्हणालो, खटका वर म्हणजे चालू. साडूभाऊ म्हणाले, छे, खाली म्हणजे चालू. वायरमन बिचारा सांगत होता की अशा खटक्याला वर आणि खाली दोन्ही सारखंच, समोरच्याने काय केलंय त्यावर आपलं ठरतं. पण दोन जाणती माणसं बोलत असताना वायरमनचं कोण ऐकणार? त्या दिवशी साडूभाऊ मला अडाणी म्हणाले. मी त्यांना काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे काम बंद नव्हे, हे लक्षात घ्या. तीन वर्षांत एकही प्रयोग बिघडला नाही. दिव्यावर आमचं सगळं भागायचं. पटकन एकदा मिचकावला की ‘समजलं’, दोनदा की ‘सावकाश’. तीनदा मिचकावला की काय, हे साडूभाऊंनी ठरवलं होतं आणि ते नेहमी माझ्या चुकीनंतरच यायचं, त्यामुळे अर्थ विचारावा लागला नाही. बाकीचा पत्रव्यवहार तुमच्या बहिणींमार्फत. साडूभाऊंना दोरी नवी हवी असली तर ते धाकटीला सांगायचे, धाकटी हिला, ही मला जेवताना, आणि मी ‘बघू’ म्हणालो की ते त्याच मार्गाने परत जायचं. एका दोरीला चार दिवस लागायचे. पण शिस्त होती.

आता शनिवार. शेवटचा अंक. बारा वर्षांनी घरी परतणारा मुलगा माझ्या विंगेत उभा. आई रंगमंचावर म्हणणार, ‘दार उघडंच आहे’, की याने आत जायचं. दिवा लागलेला. हे नायक किती मोठे नट आहेत ते तुम्ही जाणताच, उभं राहताना त्यांना दोन माणसांची जागा लागते. ते खिट्टीच्या दोरीला रेलून उभे राहिले. त्या दोरीच्या टोकाला हात घालायला एक छोटा फास आहे. कोटाचं ते शिंग त्या फासात असं सुरेख जाऊन बसलं, जणू कपडेपटाच्या बाईंनी माप घेऊन शिवलं होतं. माझ्या तीक्ष्ण नजरेतून ते अर्थातच सुटलं नाही. हा चालू लागला की दोरी ओढली जाणार, खिट्टी निघणार. मी खटका दाबला. साडूभाऊंनीही दाबला. आता मी विझवला आणि त्यांनी त्याच क्षणी पुन्हा दाबला, तर दिवा लागलेलाच राहणार, हे शाळेतल्या पोराला कळेल. मी परत दाबला. त्यांनी परत दाबला. मला वाटलं, हे माझ्याविरुद्ध करतायत. त्यांना वाटलं, मी त्यांच्याविरुद्ध करतोय. अकरा वेळा झालं हे, दादा. तोंड उघडून ‘अहो, थांबा’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण दोघांतला आधी कोण बोलणार?

नायकाला वाटलं, आज आपल्यासाठी खास वीज चमकतेय. ते छाती काढून निघाले. दोरी ताणली, खिट्टी निघाली आणि पडदा आला. आई प्रेक्षकांच्या बाजूला, मुलगा आतल्या बाजूला. पडद्याच्या तळाची जड दांडी आईचं काम करणाऱ्या बाईंच्या टाचेपासून वीतभरावर आदळली. त्या तिसऱ्या पिढीच्या नटी, त्यांनी मागे वळून पडद्याकडे बघितलं आणि ‘बारा वर्षं थांबले, आणखी थोडी थांबते’ म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत तुम्ही वाजवल्या नाहीत, ते मी फटीतून पाहिलं.

तर असा प्रकार आहे. माझ्या मते दोष दिव्याच्या बाजूचा आहे, दोराच्या बाजूचा नाही. साडूभाऊंची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, हात उतावळा झालाय आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना कधीच नव्हती. घरातला माणूस म्हणून मी याहून जास्त लिहीत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
थोरला मेहुणा

ता. क. : सचिवांचं ते ठिपक्यांचं यंत्र घ्यायचं ठरलं असेल तर घ्या, माझी हरकत नाही. फक्त पडद्याच्या खाली कोणी उभं आहे का, हे तो ठिपका सांगत नाही, एवढं बैठकीत विचारा.

आणखी एक : वरचा खुलासा परत वाचला. त्यात एक जागा नीट उतरलेली नाही. दोघांनी एकदम दाबला असं मी लिहिलंय, ते तसं झालं नाही. आधी साडूभाऊंनी दाबला. दिवा विझला होता, दादा. नायकाने उचललेला पाय परत खाली ठेवला होता. सगळं थांबलं होतं. आणि मी दिव्याकडे बघून मनात म्हणालो, माझ्या दोरापाशी मला थांब सांगणारे हे कोण? आणि लावला. तो फास मला तेव्हा दिसलाच नव्हता. मी दोन हातांवर होतो. त्यांना समोरच्या विंगेतून, अंधारातून दिसला. ती दांडी वीतभर इकडे आली असती तर बाईंचा पाय गेला असता. रविवारभर मला जेवण गेलेलं नाही. हिला पोट बिघडलंय म्हणून सांगितलंय.

शेवटचं : तेव्हा सोमवारी साडूभाऊंना ठेवा आणि मला काढा. कारण वय लिहा, ते खोटं नाही. पण बैठकीआधी त्यांना यातलं काही कळू देऊ नका. कळलं तर ते माझी बाजू घ्यायला उभे राहतील, ओळखतो ना मी त्यांना, आणि मग मला त्यांच्याशी बोलावं लागेल.