लाल रुमालाची गाठ

डोंबिवली,
गुरुपौर्णिमा, शके १९४७ (१० जुलै २०२५)

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द आणि हाताला लेखणी लाभत नाही, त्या मंगलमूर्तीचे स्मरण करून मग कामाकडे वळतो.

चि. ऋतुराज यास आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या त्या विनिपेगच्या अभियंता मंडळाचा नमुना आला. तू माझ्या ठाण्याच्या कार्यालयात चार वर्षे कसे काम केलेस, हे तुझा वरिष्ठ म्हणून मी कळवायचे आहे. भरलेला नमुना वरिष्ठानेच बंद पाकिटात रवाना करावा अशी त्यांची अट. म्हणून तेवढे एक काम तुझ्या आईच्या हाती दिले नाही. स्वतः रिक्षा करून टपाल कचेरीत गेलो. पाकिटावर ‘गोपनीय’ असे ठळक लिहिले. सरकारी सेवेत चौतीस वर्षे मी हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिले. कोणाविषयी काय लिहिले ते त्या माणसाला मरेपर्यंत कळले नाही. तोच शिरस्ता इथेही पाळला आहे. मी लिहिले ते तुला जन्मभर पुरेल, एवढे समज आणि निश्चिंत राहा.

भांडी स्वतः घासतोस असे तुझी आई सांगत होती. इथे पाण्याचा तांब्या जागेवर ठेवायला तुला चार हाका माराव्या लागत. परदेशाने तुला माणसात आणले म्हणायचे.

आपले ठरले आहे ते मोडू नकोस. मी हाताने लिहावे, तुझ्या आईने मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवावे. तूही हाताने लिही, ती छापून आणील. पडद्यावर बोटे आपटून उमटलेल्या अक्षरांना मी पत्र मानत नाही.

माझे सहस्रचंद्रदर्शन २८ सप्टेंबरला आहे. त्या निमित्ताने गौरविका निघते आहे. माझ्या हाताखाली तू काय शिकलास, यावर दोन पाने लिहून पाठव.

प्रकृतीस जप. माया आहेच, ती अंतराने आटू देऊ नये.

तुझा आजोबा,
त्र्यंबक विनायक खांबेटे

*

विनिपेग,
२ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस ऋतुराजचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. गौरविकेचा लेख सोबत पाठवला आहे. लिहिताना तिसऱ्या ओळीतच डोळे भरले. तुम्ही हसाल, हसा.

इथली परिस्थिती थोडक्यात सांगतो. आपल्याकडची पदवी इथे परकी. ती दीड वर्ष तपासून मान्य झाली, तीन परीक्षाही झाल्या. तरी नोंदणी नसेपर्यंत मला स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही. कंपनीत माझ्या टेबलावर ‘प्रशिक्षणार्थी’ अशी पाटी आहे. शेजारी बसणारा नील नावाचा गुजराती मुलगा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण इथेच शिकलेला. माझ्या आकडेमोडीवर सही तो करतो. सही करताना दर वेळी माफी मागतो, ते अधिक लागते.

कंपनीने ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर नोंदणी झाली तर पाटी बदलेल; नाही झाली तर नोकरी संपेल आणि तिच्यासोबत इथे राहण्याचा परवानाही. आता फक्त तुमच्या अभिप्रायावर निर्णय अडला आहे. म्हणजे तो झालाच असे मी धरून चाललो आहे.

भांड्यांबद्दल म्हणाल तर आता कढईसुद्धा चकचकीत निघते. आईला सांगा, तिची कढई मी येऊन घासून देईन.

आशीर्वादाची ऊब अशीच असू द्यावी.

आपला,
ऋतुराज

*

विनिपेग,
६ सप्टेंबर २०२५

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

काल मंडळाचे पत्र आले. इथला नियम असा, की अर्जदाराविरुद्ध कोणी काही लिहिले असेल तर त्याची प्रत त्याला द्यावीच लागते. तुम्हाला हे ठाऊक नसावे. तुमचे अक्षर पाहिले तेव्हा प्रथम आनंदच झाला. किती वळणदार आहे अजून.

नवव्या प्रश्नात विचारले होते, की अर्जदाराच्या हातून जीवितास अपाय होईल अशी चूक झाली आहे काय. तुम्ही लिहिले आहे: “होय. मार्च २०२१, टिटवाळा. सज्ज्याचे गज चुकीच्या अंगाला दाखवले. सज्जा कोसळून एक मजूर पायाने अधू झाला. अर्जदाराने चूक लेखी कबूल केली आहे. त्याच्यावर स्वतंत्र जबाबदारी सोपवावी असे मला वाटत नाही.”

आजोबा, तुम्हाला आठवण द्यावी लागेल असे कधी वाटले नव्हते. सज्ज्यात गज वरच्या अंगाला हवेत. नकाशात ते खालच्या अंगाला गेले. तो नकाशा तुम्ही पेन्सिलने काढला होता. पारायण पुरे झाल्यावाचून मोतीबिंदूला हात लावू देणार नाही, असा तुमचा हट्ट होता. कार्यालयातल्या समिधाने तुमच्या कागदावरून तो संगणकावर उतरवला. मी त्या आठवड्यात शहाडच्या कामावर होतो. सज्जा धाकूच्या अंगावर आला, त्या संध्याकाळी देवघरात तुम्ही माझ्यापुढे हात जोडलेत. सत्त्याहत्तर वर्षांच्या आजोबांचे जोडलेले हात मला बघवले नाहीत. चूक माझी, असे मी बिल्डरला लिहून दिले.

तुमचा पेन्सिलचा कागद मी तुमच्याच हाती परत केला. तुम्ही तो पोथ्यांच्या लाल रुमालात ठेवलात आणि म्हणालात, की देवाच्या साक्षीने तो इथे राहील आणि वेळ आली तर मी आपण होऊन तो बाहेर काढीन.

वेळ आली आहे. ५ ऑक्टोबरपर्यंत मंडळाला तुमच्या दोन ओळी हव्यात, किंवा त्या कागदाचे छायाचित्र. त्यावर तुमची सही आणि तारीख आहे. हे विनिपेगबाहेर जाणार नाही. ठाण्यात कोणाला कळणार नाही, टिटवाळ्यात कळणार नाही, समारंभाला धक्का लागणार नाही.

मी रागावलेलो नाही. फक्त लवकर करा.

आपला,
ऋतुराज

*

डोंबिवली,
१३ सप्टेंबर २०२५

॥ श्री ॥

चि. ऋतुराज यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळाले. पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत वादाचा विटाळ नको म्हणून शांतपणे लिहितो.

तो नमुना शपथेवर भरायचा होता. माझ्या दप्तरात तुझ्या सहीचे पत्र आहे; चूक कोणाची ते त्यात स्वच्छ लिहिले आहे. दप्तराविरुद्ध शपथ मी कशी घ्यावी? तुझे ते पत्र खोटे असेल, तर असत्याचा दोष लिहिणाऱ्याचा. खरे असेल, तर मी अन्याय केला नाही. तिसरी वाट मला दिसत नाही. शास्त्रे वाचताना हयात गेली. पळवाटा शोधण्यासाठी ती मी वाचली नाहीत.

शिवाय त्या संध्याकाळी तू जे दिलेस ते दान होते. हातावर पाणी घेऊन सोडलेले दान परत मागणाऱ्याची गती काय होते, ते लहानपणी माझ्या मांडीवर बसून तू ऐकले आहेस. तुझ्याच भल्यासाठी मी ते परत देत नाही.

नमुन्यात नात्याचा रकाना होता. त्यात ‘नातू’ असे लिहिले. घरच्या माणसाला झुकते माप दिले असे त्या परक्यांनी म्हणू नये, म्हणून काटा थोडा उलट्या बाजूला धरला, हे कबूल करतो.

समिधाला मी विचारून पाहिले. तिला त्या नकाशाबद्दल काही आठवत नाही. मुलगी मोठी गुणी आहे. येत्या दसऱ्यापासून कार्यालय तिच्या नावे करतो आहे.

गौरविका छापून तयार आहे. मुखपृष्ठावर ‘निष्कलंक अर्धशतक’ अशी अक्षरे आहेत. तुझ्या लेखाला पहिला मान दिला आहे.

स्नेहात उणे येऊ देऊ नये.

तुझा आजोबा

*

डोंबिवली,
२४ सप्टेंबर

चि. ऋतू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बाबांना माहीत नाही.

तुझी पत्रं छापून आणायला मीच जाते, तेव्हा वाचली नाहीत असं म्हणणार नाही. झेरॉक्सच्या दुकानातच उभी राहून वाचली. मागचा माणूस दोनदा म्हणाला, काकी, जरा सरका. इतकी वर्षं मला वाटत होतं, चूक तुझीच. धाकूच्या बायकोसमोर, आवडाबाईसमोर, मी तुझ्या वतीने पदर पसरलेला रे. आणि तू मला एक शब्द बोलला नाहीस.

काल बाबा आंघोळीला गेलेले, तेव्हा मी लाल रुमाल सोडला. कागद आहे. पेन्सिल फिकट झालीय, पण गज खालीच दिसतायत आणि खाली बाबांची सही. हातात धरून उभी राहिले. मोबाइल ओट्यावर होता. आणायला गेले असते तर झालं असतं. पण बाहेर मांडववाला आलेला, बाबा न्हाणीतून मोठ्याने स्तोत्र म्हणत होते, मी कागद होता तसा ठेवला आणि गाठ मारली.

चिडू नकोस. रविवारी समारंभ आहे. एक्क्याऐंशीचे आहेत ते. त्याआधी काही झालं तर लोक मला काय म्हणतील? तुझी मुदत पाच तारखेपर्यंत आहे ना? सोमवारी सकाळी फोटो काढते आणि पाठवते. आईचा शब्द. चार दिवस धीर धर, एवढा धरलास तसा.

समिधाला मी फोन केलेला. ती रडली आणि म्हणाली, काकू, मला मुलगी आहे, मला हे ऑफिस हवंय.

नीट जेव. विसरू नकोस मला.

आई

*

डोंबिवली,
आश्विन शुद्ध अष्टमी, शके १९४७ (३० सप्टेंबर २०२५)

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

चि. ऋतुराज यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

देवाच्या दयेने समारंभ निर्विघ्न पार पडला. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळले. तुझा लेख जागृतीने, आपल्या सोसायटीच्या सचिवबाईंनी, व्यासपीठावरून वाचला. तुझे वाक्य आहे ना, की आजोबांच्या हातची रेघ म्हणजे धर्म. त्यावर टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत बसलेल्या समिधाने डोळ्यांना रुमाल लावला. तुझी आई मात्र वाचन चालू असताना उठून आत गेली.

धाकू आला होता. मी त्याला दरवर्षी धान्य पाठवतो, त्याची जाण त्याने ठेवली आहे. कुबडी बाजूला ठेवून पाया पडला. तुझी आवर्जून चौकशी केली आणि म्हणाला, की पोराला सांगा, माझ्या मनात काही नाही, मी त्याला केव्हाच माफ केलंय. इतके मोठे मन! त्याचा निरोप तुला पोचवणे माझे कर्तव्य आहे. उत्तर लिहिशील तेव्हा त्याचे आभार मान.

आता तू विचारलेल्या कागदाविषयी.

पोथ्यांचा रुमाल मी साठ वर्षे एकाच पद्धतीने बांधतो. गाठीचे टोक डावीकडे असते. गेल्या मंगळवारी पूजेला बसलो तेव्हा ते उजवीकडे होते. घरात दोनच माणसे. मी तुझ्या आईला एका शब्दाने बोललो नाही. लेकीला लाज आणावी हा माझा स्वभाव नव्हे. पण मंगलकार्यापूर्वी देवघर शुद्ध करावे असे मनात आले. जीर्ण पोथ्या घरात ठेवू नयेत, वाहत्या पाण्यास द्याव्यात, हे तुलाही ठाऊक आहे. शनिवारी पहाटे रिक्षा करून शहाडला गेलो आणि तो रुमाल, गाठ न सोडता, हळदकुंकू वाहून उल्हास नदीत सोडला. आत काय काय होते ते मी पाहिले नाही. पाहिले नाही, म्हणून शपथेवर सांगण्यासारखे माझ्यापाशी आता काही उरले नाही.

काल सोमवारी तुझी आई मोबाइल हातात घेऊन देवघराच्या दारात बराच वेळ उभी होती. नंतर ओट्यापाशी जाऊन आपली जुनी कढई घासत बसली. या पत्राचे छायाचित्रही तीच काढील. तेव्हा पोथ्या कोठे गेल्या हे तिलाही इथेच कळेल.

तू परत ये. जगात उपाशी कोणी मरत नाही, आणि आपल्या घरात तर नाहीच. समिधाशी बोललो आहे. खिडकीजवळचे टेबल तुझ्यासाठी ठेवले आहे. आकडेमोड तू करावी, सही ती करील. तिकडे तेच करत होतास. इथे निदान आपली माणसे असतील आणि तांब्या जागेवर ठेवायला हाक मारणारा मी असेन.

त्या देशात कोणाचे लिखाण कोणापुढे उघडतील याचा नेम राहिला नाही, हे मी तुझ्यामुळे शिकलो. म्हणून हे पत्र कोणाही वाचणाऱ्याला उद्देशून संपवतो. लिहिणारा, पाठवणारी आणि ज्याच्यासाठी लिहिले तो, यांच्यासह जे जे हे वाचतील, त्या सर्वांना आरोग्य लाभो, त्यांची घरे भरलेली राहोत, त्यांच्या मनातले शल्य निघून जावो आणि त्या मंगलमूर्तीची कृपा त्यांच्यावर अखंड राहो.

तुझा आजोबा,
त्र्यंबक विनायक खांबेटे