चौथीतले लाल ठिपके

६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून हे पत्र. तुझ्या आरोग्य खात्याने शाळांमधल्या आजारांवर नजर ठेवायचं ठरवलं आणि आमच्या मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाचं पोट बिघडलं, हे दर शुक्रवारी तुमच्या कचेरीत कळवायचं. पुरळ दिसलं तर त्याच दिवशी. आता मी शिकवते कमी आणि पोरांच्या जिभा बघते जास्त.

पहिल्याच आठवड्यात मी दिवे लावले. चौथीतल्या एका मुलाच्या मानेवर लाल ठिपके दिसले. मी त्याला वेगळं बसवलं आणि तुमच्याकडे फोन केला. तुमची माणसं मास्क लावून धावत आली आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी सगळे ठिपके पुसून काढले. मधल्या सुट्टीत मित्रांनी स्केचपेनने काढलेले! तो बिचारा मला तेच सांगत होता, पण बोलून थकू नकोस म्हणून मीच त्याला गप्प बसवलं होतं.

एवढी घाई मी उगाच केली नाही रे. त्याच वर्गात एक एवढीशी मुलगी आहे, तिला मी चिमणी म्हणते. तिच्यावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी शाळेला परवानगी दिली आहे, पण वर्गात कांजिण्या शिरल्या तर तिच्या जिवावर बेतू शकतं. लगेच कळलं तर इंजेक्शन देता येतं. तिच्या आईने माझा हात धरून एवढंच मागितलं, की कुणाला काही झालं तर आधी मला सांगा. मी मोठ्या तोंडाने हो म्हणाले.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, थट्टा मात्र बेताने कर.

तुझी,
छोटी

११ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कचेरीत चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे साहेब एरवी पगाराच्या दिवशीसुद्धा हसत नाहीत. ते खुर्चीतून पडायचेच राहिले. आमच्या भिंतीवर शहराचा नकाशा आहे, जिथे आजार तिथे टाचणी. तुझ्या शाळेवर मी स्केचपेनचं टोपण चिकटवलं आहे.

तू लहानपणापासून अशीच. घरात कुणी शिंकलं की तू उंबऱ्याबाहेर. पुढच्या वेळी आमची गाडी पळवण्याआधी ओल्या रुमालाने घासून बघ, आणि ठिपके दोन दिवस टिकतात का तेही बघ.

उद्या शिक्षकांपुढे माझं भाषण आहे. विषय, शंका आली की लगेच कळवा. उदाहरण म्हणून तुझी गोष्ट सांगू का? नाव सांगणार नाही, फक्त आडनाव सांगीन.

वहिनी म्हणते, रागावू नकोस. माया आहे ती आहेच.

तुझा,
दादा

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी बहीण किती हुशार आहे ते ऐक. शुक्रवारी त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या गळ्यावर ठिपके दिसले. मी रुमाल ओला केला आणि घासलं. जाईनात. मग साबण लावून घासलं. त्वचा लाल झाल्यावर मी ठरवलं, की या पोरांनी आता पक्की शाई आणली आहे. मुलगा खाजवत होता. त्याला मी म्हटलं, नाटकं पुरे. वेगळं बसवलं नाही, तुम्हाला फोन केला नाही. पुन्हा तुमचं अख्खं ऑफिस माझ्यावर हसेल, हीच माझी भीती. चिमणी त्याच्या मागच्याच बाकावर बसते.

सोमवारी तो आला नाही, आणखी दोघं आली नाहीत. त्याच्या वडिलांनी निरोप पाठवला की कांजिण्या आहेत. वर्ग तसाच सोडून चिमणीच्या घरी गेले. तिच्या आईने दार उघडलं, माझं ऐकून घेतलं आणि मुलीच्या पायांत चपला घातल्या. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणतात. तरी काही आठवडे वाट बघायची आहे. दादा, त्या पोरीला काही झालं तर मी पुन्हा वर्गात उभी राहू शकणार नाही.

तुझी,
छोटी

२७ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तू रुमाल घासलास, पण तो तुझ्या हातात मीच दिला होता. भाषणात मी घसा ताणून सांगितलं, की चुकीची खबर चालेल, उशिराची नको. टाळ्या पडल्या. आणि घरच्या बहिणीने वेळेवर खबर दिली तर तिची अशी फिरकी घेतली, की दुसऱ्यांदा तिने तोंडच उघडलं नाही. साथ पसरवायला जंतू लागतात असं मी लोकांना शिकवतो. एक शहाणा भाऊसुद्धा पुरतो.

टोपण काढून तिथे टाचणी लावली. हे पत्र लिहिण्याआधी तुझं आताचं पत्रही कचेरीत वाचून दाखवलं, कुणी चहाला हात लावला नाही. शेजारच्या शाळांना कळवलं, तिथेही मुलं सापडली. चिमणीची चौकशी मी रोज करतो.

जेवत जा. आम्ही आहोत.

तुझा,
दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिमणी बचावली! डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं आणि ती शाळेत आली. मी फळ्याकडे तोंड करून रडले, आणि मुलांना वाटलं गणित अवघड आहे.

पण तुझ्या बहिणीचे दिवे संपलेले नाहीत. परवा एका मुलीच्या दंडावर पुरळ दिसलं. मी तिला वेगळं बसवलं, तुमच्याकडे फोन केला, चिमणीच्या आईलाही बोलावून घेतलं. ती धापा टाकत आली आणि चिमणीला घेऊन गेली. संध्याकाळी तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुंग्या चावल्या आहेत. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

काल सकाळी चिमणीची आई फाटकाशी दिसली. उगाच धावायला लावलं म्हणून माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तिने पुन्हा माझा हात धरला. म्हणाली, बाई, दर वेळी असंच खोटं ठरू दे, मी दर वेळी धावत येईन.

वहिनीला नमस्कार. लोभ राहू दे, आणि आता खुशाल हस.

तुझी,
छोटी