कूलरमधले ससे

रविवार, संध्याकाळ

आणले एकदाचे ससे! धाड गावाहून, पिशवीत घालून, जीपमध्ये मांडीवर. एक काळा, एक पांढरा. दोघंही थरथरत होते.

जुन्या कूलरचा सांगाडा आडवा केला, समोर दार ठोकलं. झालं घर! पण तळाला तारेची जाळी टाकली, तीच चूक. वाळलं गवत, पाणी, सगळं ठेवलं. काळा खातो. पांढऱ्याच्या पायांना तार टोचते, तो खातच नाही.

आई म्हणाली, "चार दिवस कौतुक करशील, मंग जाशील भटकाले. याईले कोन पाहीन? तू गेला की मी वापस देऊन देईन."

खोटं कुठं बोलली?

तेवढ्यात मित्राचा फोन. "चाल बे, जळगाव जामोदले जाऊ. तिकडंच राहू."

मन तर निघालंच होतं. पण तोंडातून आलं, "नाही जमत बे. सशाच्या घरात फळी टाकाची हाय."

आईनं ऐकलं. आतून माझा जेवायचा पाट घेऊन आली.

"घे. तू घरी जेवाले बसतो तरी कधी?"

बरोब्बर बसला पाट! पांढरा त्यावर बसून गवत खातोय. मी कूलरशेजारी भुईवर बसून जेवलो.