टिल्लूची थडगी

२ फेब्रुवारी

एकोणतीस वेळा मेलो. एका संध्याकाळीत! पुलावरची ती विधवा — तोंडाला पांढरा रंग, दोन्ही हातांत तलवारी — पहिला वार अडवला की दुसरा थेट पोटात. आतडी बाहेर, पडदा लाल, आणि मी पुन्हा पुलाच्या पहिल्या फळीवर उभा. कंट्रोलर भिंतीवर आपटणार होतो. पण घरात एकच आहे.

टिल्लू मात्र सापडला. पुलाच्या मधोमध जमिनीत रोवलेली तुटकी तलवार. जवळ गेलं की अक्षरं उमटतात — टिल्लू. विधवेच्या हातून. काल, संध्याकाळी ७:४०.

या खेळात जो जिथे मरतो तिथे त्याचं थडगं उरतं. ओळखीच्यांची थडगी आपल्याला दिसतातच. टिल्लू म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ, सहा फूट उंच. नऊ महिने झाले घर सोडून. फोन बंद, पत्ता नाही. पोलीस म्हणाले, चोवीस वर्षांचा माणूस स्वतःच्या पायांनी गेला, आम्ही काय करणार. तो कुठे मेला हे बघूनच मला कळतं की तो जिवंत आहे.

आई धुलाईखान्यातल्या कामावरून आली. चपला काढायच्या आधी विचारलं, "आज मेला का?"

"काल संध्याकाळी मेला."

"बरं झालं," म्हणाली आणि ताट घेतलं. बाहेरच्या कुणी ऐकलं तर आम्हाला वेड्यात काढेल.

५ फेब्रुवारी

विधवा मेली!

मी तिच्यावर नुसता तुटून पडत होतो, तिथेच घोडं अडलं होतं. प्रत्येक वाराला दम खर्च होतो. दमाची पट्टी रिकामी झाली की माझा सामुराई खांबासारखा उभा राहतो आणि समोरचा त्याला सावकाश कापतो. पंधरा वर्षं खाटीकखान्यात हाडं सोडवायच्या टेबलाशी उभा आहे. पहिल्याच दिवशी मुकादमाने सांगितलं होतं, "जोर नको काढू, सांधा शोध. सांध्यात सुरी आपोआप जाते." तेच विसरलो होतो. आज खालचा पवित्रा घेतला. तिचे दोन वार जाऊ दिले. तिसऱ्याला हात वर गेला तशी काखेत तलवार. हात खांद्यातून निघून पाण्यात पडला. मग मान. मी ओरडलो. मागे खुर्चीत म्हातारा दचकला.

म्हातारा म्हणजे आमचा बाप. मी खेळतो तेव्हा रोज मागे बसून बघतो. बोलत नाही. मीही बोलत नाही.

११ फेब्रुवारी

कधीतरी लिहून टाकायला हवं. आजच टाकतो.

गेल्या मे महिन्यात मी कामावरून आलो तर म्हातारा जमिनीवर. जबडा एका बाजूला सरकलेला, तोंडातून रक्त, दोन दात फरशीवर. टिल्लूच्या हातात लोखंडी खुर्ची. मी काही विचारलं नाही. त्याला भिंतीवर घातला, गुडघा छातीवर दिला, डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मागे वाकवत गेलो. वाकवत गेलो. मोडल्याचा आवाज मला नीट माहीत आहे, धंदाच तो. तो म्हणत होता, "दादा, ऐक ना. दादा, ऐक." ऐकलं नाही. तो पिशवी घेऊन गेला.

रात्री आईने ब्लाउजची बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत काळंनिळं. म्हाताऱ्याने आधी तिला मारलं होतं, पट्ट्याने. लहानपणी आम्हा दोघांना मारायचा तोच पट्टा. पोरगा मध्ये पडला होता, एवढंच.

मी भलत्याच माणसाचं बोट मोडलं.

१२ फेब्रुवारी

टिल्लू आज दोनदा मेला. एकदा कड्यावरून पाय घसरून. गाढव.

२० फेब्रुवारी

थडग्याला हात लावला की मेलेल्याचं भूत उठतं. तेच चिलखत, तीच तलवार, लढायची रीतही त्याचीच. आज टिल्लूच्या भुताशी लढलो. बापरे! मशीन चालवतं त्याला, मला ठाऊक आहे, पण लहानपणी गादीवर कुस्ती खेळायचा तसाच डावीकडून येतो. मला तीनदा मारलं. एकदा तर जमिनीवर पाडून तोंडातून तलवार घातली.

हसलो मी. खूप दिवसांनी.

एक गोष्ट बघितली. तो वार अडवतो, आणि झकास अडवतो. अडवायचं बटण डाव्या हाताला, वरच्या बाजूला. तेच बोट लागतं. म्हणजे बोट जुळलं. आईला सांगितलं तर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

२८ फेब्रुवारी

बारापैकी आठ मोहिमा झाल्या. बाराही संपल्या की "हाक" उघडते. नाव घालून कुणालाही बोलवायचं. तो खेळत असेल आणि हो म्हणाला, तर शेजारी येऊन उभा राहतो, आणि बोलताही येतं. आवाज जातो!

मला एकच वाक्य बोलायचंय त्याच्याशी. चार मोहिमा, चार सरदार. कापत जाणार.

७ मार्च

तीन दिवस थडगं नाही. नववी मोहीम राहिली बाजूला, जुन्या सगळ्या पालथ्या घातल्या. गवत, विहिरी, जळालेलं गाव. दिसेल त्याला मारत गेलो. मुंडक्यांचा खच पाडला. टिल्लू नाही.

आईने विचारलं, मी मान हलवली. जेवली नाही.

९ मार्च

पाच दिवस. आई चहावर आहे.

आज कामावर धारवाला — आमच्या सुऱ्यांना धार लावतो तो — म्हणाला, "भाऊ मेला नाही म्हणून तोंड पाडून बसलायस? जगावेगळंच आहे बाबा तुझं." त्याला सगळं मीच सांगितलं होतं, हात दाखवून अवलक्षण. कसं झालं कळलं नाही, त्याची मान टेबलाच्या कडेवर आणि माझी सुरी त्याच्या कानाखाली. कातडी थोडी उघडली. रक्त सरकत्या पट्ट्यावरच्या मांसात पडलं, सगळा माल फेकावा लागला. मुकादमाने मला मागून धरला. दोन दिवस घरी बस म्हणाला, पोलिसांत देत नाही म्हणून उपकार मान.

मी म्हाताऱ्याचाच मुलगा आहे. उचलला हात की उचलला.

१० मार्च

नाही.

११ मार्च

सापडला! सापडला! संध्याकाळी आईला घेऊन तासभर चालून आलो, म्हाताऱ्याला औषधं आणायची होती. परत येऊन लावलं तर पहिल्याच मोहिमेत, दारातच थडगं. टिल्लू. शिपायाच्या हातून. आज, ६:१५.

शिपाई! हातात दाताळं घेतलेला, नुकताच खेळायला लागलेलाही ज्याला दोन वारांत मारतो तो. मला काय त्याचं. आई पाच दिवसांनी जेवली. म्हातारा तिच्या ताटाकडे बघत बसला होता.

१३ मार्च

त्याच्या भुताशी दोनदा लढलो. लढलो कसला, कापलं. दोन वारांत पडला. अडवत नाही! एकही वार अडवत नाही. नुसता पुढे येतो, तलवार आडवीतिडवी फिरवतो, दम संपतो आणि उभा राहतो.

बोट गेलं त्याचं. परत मोडलं असेल, किंवा मी मोडलेलंच नीट जुळलं नसेल. हात चालत नाही म्हणून पोरगा पहिल्या मोहिमेपासून सुरुवात करतोय. मी तिसऱ्यांदा त्याच्या थडग्याला हात लावला नाही. मारवलं नाही.

१९ मार्च

हल्ली सकाळी मरतो. अकरा, सव्वाअकरा. माझी पाळी सहा ते दोन, मी घरी येईपर्यंत थडगं थंड झालेलं असतं. आई म्हणाली, रात्रपाळी लागली असेल, येऊन खेळत असेल, झोपतो कधी कोण जाणे. तिला आता त्याच्या झोपेची काळजी. मला बरं वाटलं.

२६ मार्च

नववी आणि दहावी झाली. दहावीतल्या लोखंडी टोपीवाल्याने नाकी नऊ आणले. त्याला आगीत ढकलला आणि विझेपर्यंत भोसकत राहिलो.

टिल्लू दुसऱ्या मोहिमेत पोचला. हळूहळू चढतोय. कंट्रोलरची बॅटरी सारखी उतरते, जुना झाला.

१ एप्रिल

टिल्लू तिसरीत. आज त्याने तिथल्या कुत्रेवाल्या सरदाराच्या अगदी पुढ्यात प्राण सोडला. शाबास रे. म्हाताऱ्याला उगाच सांगितलं, "तिसरीत गेला." वर्षभरात त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य असेल. तो म्हणाला, "कुत्री वाईट आहेत." जबडा वाकडा जुळल्यामुळे शब्द चघळून येतात. मी खेळतो ते बघून बघून त्यालाही कळायला लागलंय.

६ एप्रिल

झालं!! बारावी मोहीम. पांढरा सरदार.

चव्वेचाळीस वेळा मेलो. उभा चिरला गेलो, घोड्याखाली आलो, भिंतीला खिळला गेलो. पंचेचाळिसाव्या वेळी हात कामावर चालतात तसे चालले. घाई नाही, राग नाही. गुडघ्याचा सांधा, कोपराचा सांधा, मग मानेचा. अंगठ्याला फोड आलाय. पांढऱ्या बर्फात त्याचं डोकं घरंगळत गेलं आणि खाली अक्षरं आली — हाक उघडली.

लगेच नाव घातलं. तो खेळत नव्हता. संध्याकाळी नसतोच हल्ली. उद्या रजा, सकाळपासून ठाण मांडून बसतो.

७ एप्रिल

सकाळी आठपासून दोनपर्यंत बसलो. वीस हाका. उत्तर नाही. नेमका आजच तो मेला नाही! म्हातारा चुळबुळत होता, सारखं घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "कामावर जा की. काम कशाला बुडवतोस?" तोंडावर शिवी आली होती, ती गिळली.

थडगं नाही म्हणून आईने ताट सरकवलं.

८ एप्रिल

कामावर गेलो. परत आलो तर थडगं हजर, ११:०५! मी घरी नसलो की बरोबर मरतो. नशीबच गांडू आहे.

आणखी रजा मुकादम देणार नाही. पण अकराला आम्हाला अर्ध्या तासाची सुट्टी असते, आणि फाटकासमोरच्या इमारतीत धारवाला राहतो. त्याच्याकडे तसलंच मशीन आहे. माझं नाव घातलं की माझा सामुराई तिथेही येतो, असं तोच मागे म्हणाला होता. आता कुठल्या तोंडाने मागू?

१३ एप्रिल

पाच दिवस लागले. आज त्याच्या धारेच्या दगडासमोर उभा राहिलो. कानाखाली अजून पट्टी आहे त्याच्या.

म्हणालो, "माझं चुकलं. आधी बोलायला हवं होतं, आधी हात उचलला."

तो सुरीची धार बघत राहिला. मग म्हणाला, "धार माझीच होती. म्हणून एवढी छान लागली." आणि मशीनच्या खोलीची किल्ली काढून दिली. "घरात बायको आहे, तिला सांगून ठेवतो. बूट काढून जा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणाची माफी मागितली. मेलो नाही. उद्या हेच टिल्लूला म्हणायचं, तालीम तरी झाली.

१४ एप्रिल

११:०७ ला हाक दिली. लगेच हो आलं. तो तिसऱ्या मोहिमेच्या दारात माझ्या शेजारी उभा राहिला. बोलायच्या आधीच कुत्री आली. त्याने अडवलं नाही, माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि सगळे चावे अंगावर घेतले. मी कुत्री कापली. मग सगळं बोललो एका दमात — टिल्लू, आधी विचारायला हवं होतं मी, तुझं बोट मोडलं, आईने हात दाखवला तेव्हा कळलं, चुकलं माझं, घरी ये.

मग कानात आवाज आला, चघळून आलेले शब्द.

"तो नाहीये रे. मी आहे."

आमच्याच घरातून. टिल्लूचं नाव घरच्या मशीनमध्ये राहूनच गेलं होतं. मार्चमध्ये तो खेळायचा थांबला. "तुझी आई जेवेना," म्हणाले. "मला दुसरं काही सुचलं नाही."

चार मार्चपासून टिल्लूचा काहीही पत्ता नाही.

सुट्टी संपत आली होती. खोलीच्या दारावर धारवाल्याची बायको टकटक करत होती. बाबांनी विचारलं, "उद्या कुठे मरू?"

पुलावर मरा, म्हणालो. तिथवर कसं जायचं ते मी आज शिकवतो.