चार नंबरचा गोल

मी, गुणवंत आदगोंडा मगदूम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, केंद्र सरकारचा निवृत्त कर्मचारी, राहणार गाझियाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणीही भाग पाडलेले नसताना लिहीत आहे. कोणी भाग पाडले असते, तर यातला निम्मा मजकूर पंधरा वर्षांपूर्वीच लिहून झाला असता.

कलम पहिले. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी चंद्रप्रभा हिला. तिच्यानंतर प्रतीक व चेतना यांना निम्मे निम्मे. मेव्हणे सुधन्वा यांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती परत करायच्या निमित्ताने ते जेवायला येतील.

कलम दुसरे. कपाटातली हिरवी कच्ची वही निधी मलिक, पानिपत, यांना द्यावी. पंधरा वर्षांपूर्वी दिल्लीत चार देशांच्या महिला संघांची छोटी हॉकी स्पर्धा झाली, तेव्हा गोल नोंदवण्याच्या टेबलावर मी होतो. शेवटच्या सामन्यात आपल्या चार नंबरच्या निधीने गोल केला. घाईत या वहीत माझ्या हातून मराठी ४ पडला. टाइप करणाऱ्या नीरजने तो 8 वाचला आणि गोल आठ नंबरच्या मुलीच्या नावावर गेला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आठ ही तो लिखा है आपने." त्याचा दोष नाही.

निधी टेबलाशी आली. "सर, गोल तो मेरा था ना?"

वही माझ्या बॅगेत होती. मी म्हणालो, "देखेंगे बेटा, कागज़ चेक करना पड़ेगा."

आंतरराष्ट्रीय सामन्यात मराठी आकडा लिहिला हे कळले असते, तर पुढच्या स्पर्धेची ड्यूटी गेली असती. मी चुकीच्या कागदावर सही केली. ती पुन्हा देशाकडून खेळली नाही. तिचा तो एकच गोल होता, आणि तो मी खाल्ला. मला स्वतःची लाज वाटते.

कलम तिसरे. प्रतीकने वही स्वतः पानिपतला न्यावी, कुरिअर करू नये. आत माझे सही केलेले कबुलीपत्र आहे. नोंद दुरुस्त होईपर्यंत त्याने पाठपुरावा करावा. जिवंतपणी का नाही सांगितले, असे निधीने विचारले तर खरे सांगावे, की बाबा घाबरले. माफ केले का, हे तिला विचारू नये.

कलम चौथे. पुढच्या स्पर्धेत मिळालेला निळा ब्लेझर मला शेवटी घालू नये.

दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलांनाही मराठी ४ हा आठच वाटतो, म्हणून इथे तो ४ आणि तो 8 सोडून बाकी सगळे आकडे अक्षरी लिहिले आहेत.

साक्षीदार: नीरज सक्सेना (सही), इशिता देवधर (सही)
स्थळ: गाझियाबाद
दिनांक: चार, आठ नव्हे, चार जानेवारी दोन हजार सव्वीस
गुणवंत आ. मगदूम (सही)