हरलेल्याच्या घरचा चहा

सर, काल न्हावऱ्याच्या शाळेत मला बोलायला बोलावलं होतं. फळ्यावर विषय लिहिलेला, संघभावना आणि नेतृत्व. दहावीपुढं शाळा न पाहिलेल्या माणसाला असल्या विषयावर बोलायला लावायचं म्हणजे गंमतच. पण गावात बास्केटबॉल खेळलेला म्हातारा मी एकटाच उरलोय, म्हणून शाल-नारळ माझ्या वाट्याला आला. तुम्ही जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. मी दौंडला मामाकडं शिकायला होतो तेव्हा रेल्वेची ड्यूटी उरकून तुम्ही तेलकट पँटीतच आम्हाला खेळ शिकवायला मैदानात यायचात. काल तसेच डोळ्यांपुढं उभे राहिलात, आणि मी पोरांना शिरूरची मॅच सांगितली.

एका गुणानं हरलो होतो आपण. शेवटचे दोन्ही फ्री थ्रो आपल्या त्या उंच गड्याच्या हातून गेले. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसलाय, शेजारची जागा रिकामी, आणि आम्ही बाकीचे पुढच्या सीटांवर चेंगरून बसलोय. तुम्ही दांड्याला धरत धरत माझ्यापाशी येता.

"कप्तान, ती सीट वली हाय का रं?"

"न्हाई सर."

"मग कुणी ओकलंय का तिथं?"

पोरं फिस्सकन हसली. मी उठलो, पण पुटपुटलोच, "फ्री थ्रो त्यानं घालवलं, सर."

"व्हय. आन् त्याच्या आधी तू दोनदा चेंडू त्यांच्या हातात नेऊन दिलास, ते हाय का कुणाच्या ध्यानात? शेवटाला ज्याच्या हातात चेंडू, त्याचंच नाव खराब हुतं."

दौंडला उतरल्यावर मला थांबवून म्हणालात, "आता त्याच्या घरी जायचं. च्या प्यायचा. मॅचचं नाव काढायचं न्हाई. निघताना म्हणायचं, उद्या सहाला ये. जिंकल्यावर कप्तान कुणीबी हुतंय." मी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला, आम्ही दोघं खाली मान घालून प्यायलो. दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला मैदानावर पोचलो तर तो आधीच आलेला, एकटाच फ्री थ्रो मारत होता. पुढं तीच आपली रीत झाली. हरलो की कप्तानानं त्याच दिवशी, ज्याच्या हातून मॅच गेली त्याच्या घरी जायचं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच थांबलो. पुढचं तुम्हाला सांगतो.

कुरकुंभच्या केमिकल कंपनीत मी हेल्पर म्हणून लागलो आणि डिक्शनरी मांडीवर ठेवून मॅन्युअलं वाचत वाचत शिफ्ट इनचार्ज झालो. माझ्या हाताखाली मांडवगण फराट्याचा एक ऑपरेटर होता. अकरा वर्षं आम्ही बरोबर काढली. आमच्यात एक वाईट खोड पडली होती. त्यानं व्हॉल्व्ह उघडायचा आणि मी समोर उभं राहून बघून सही करायची, असा नियम. पण कामाच्या रेट्यात मी सकाळी चहाच्या आधीच दिवसभराच्या सगळ्या सह्या करून टाकायचो. तो हसत म्हणायचा, "साहेब, तुमची सही माझ्या आधी कामाला लागती."

एक दिवस फर्स्ट शिफ्टला त्यानं चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. खाली बिहारचा एक कामगार पाइप धूत होता. वरून ॲसिड आलं आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. "भैया, पानी डालो, पानी डालो," एवढंच तो म्हणत होता. मी त्या वेळी कँटीनमध्ये होतो. कागदावर मात्र मी तिथंच उभा होतो.

चौकशीत तो म्हणाला, "मीच उघडला. साहेबांनी बंद करायला सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई." असं काही झालंच नव्हतं, सर. मला वाचवायला त्यानं ते रचलं, माझ्यादेखत. मी टेबलाकडं बघत राहिलो.

त्याला कामावरून काढेपर्यंत तो आठवडाभर कँटीनला येत होता. त्याच्या टेबलाला कुणी बसेना. एक दिवस त्यानं किटलीतून चहा ओतून पुढं केला, तर कुणीतरी म्हणालं, "नगं बाबा, ह्येच्या हातचा च्या, त्यात ॲसिड निघायचं." सगळे हसले. मीही हसलो.

मग तो घरी बसला. न्हावऱ्याहून मांडवगण गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर, तुम्हाला माहीत आहे. दर रविवारी मला दौंडला उतरल्यावरचं तुमचं बोलणं आठवायचं, आणि मी पेपर वाचत बसायचो. दोन महिन्यांनी तो त्यांच्या विहिरीत सापडला. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. त्याला लहानपणापासून पोहता येत होतं.

काल पोरांना ती रीत सांगून मी तसाच खुर्चीत जाऊन बसलो, तर हेडमास्तरांना वाटलं, म्हातारा गुरूच्या आठवणीनं गहिवरला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

आज सकाळपासून हे लिहितोय. खरं तर हे पत्र तुमचं नाही, त्याच्या बायकोचं आहे. आपल्या नवऱ्यानं साहेबांचं न ऐकल्यामुळं एका गरिबाचे हात गेले, असं ती माउली अजून धरून बसलीय. कुणी विषय काढला की तिची मान खाली जाते. एका कागदानं ती मान वर होईल, हे मला कळतं. पण ती वाचून काहीतरी विचारेल, आणि तुम्ही काही विचारणार नाही. म्हणून वर तुमचं नाव घातलं. हे पाकिटात घालणार नाही, हेही मला आत्ताच माहीत आहे.

त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो. बायका उठून गेल्यावर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "साहेब, रस्त्याला गाडी वाजली की ते वट्यावरनं उठायचं. म्हणायचं, आमचं साहेब आलं आसत्याल, च्या टाक. दोन-तीनदा टाकलाबी. तुम्ही कुठं बाहेरगावी व्हता का?"

मी हो म्हणालो.

नव्हतो, सर. सगळे रविवार घरीच होतो. गाडीत पेट्रोलही होतं.