आझाद म्हणजे घरचा

कॅम्प-१, भिलाई
९ ऑगस्ट

प्रिय दिपाली,

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजवर धड भांडताही येत नाही, म्हणून कागद घेतला. नवऱ्याचं घर सोडून तू रायपूरच्या हॉस्टेलवर गेलीस त्याला दोन महिने झाले. तुझा राग मला माहीत आहे. आज माझा ऐक.

विहाराचं वाचनालय सांभाळणाऱ्या नागसेनने पंधरा ऑगस्टसाठी ‘स्वातंत्र्य’ या शब्दावर फळा लिहायला सांगितला. एकतीस वर्षं स्टील प्लांटच्या राजभाषा विभागात मी शब्दांचा कीस काढला. निवृत्त झाल्यापासून लोक मला फक्त खिरीत साखर किती घालायची ते विचारतात. म्हणून हुरूपाने चार दिवस कोश घेऊन बसले.

‘स्वतंत्र’मधलं तंत्र म्हणजे विणकराचा माग. ज्याचा माग स्वतःचा, तो स्वतंत्र. हे मला लगेच पटलं, माझ्या स्वभावाचंच होतं. मग इंग्रजी ‘फ्री’ काढला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी त्याचा अर्थ ‘बंधन नसलेला’ असा घोकून घेतला होता. तर तो निघाला आपल्या ‘प्रिय’चा सख्खा नातलग! ज्या घरांत गुलाम असत, तिथे गुलाम सोडून उरलेली आपली, लाडकी माणसं, ती फ्री. लॅटिनमध्ये मोकळ्या माणसांना जो शब्द, तोच घरच्या लेकरांना. आणि फारसी ‘आझाद’ म्हणजे मुळात कुळात जन्मलेला.

परवा हे सगळं नीट अक्षरात लिहिलं. तेवढ्यात पुंडलिकभाऊ आले. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते विहाराचे स्टेशनमास्तर आहेत. म्हणाले, “ताई, एवढं कायले लिहून राहिल्या? आझादी म्हणजे सुटका. एका लाइनीत खतम!” मी म्हटलं, “दावं तोडून ढोरही सुटते, भाऊ. मंग कोणी न्यायले आलं नाही, तं कांजीहाउसात, कोंडवाड्यात, उभं राहते.” सगळे हसले. भाऊंनी ओलं फडकं घेऊन माझा फळा पुसला.

मी तणतणत घरी आले. तुझे बाबा म्हणाले, पुसला तं पुसला, उद्या पुन्हा लिही. त्यांना वाटतं, मी फळ्यासाठी जेवले नाही.

जूनमध्ये तू विचारलंस, आई, घरी येऊ का? आणि मी, शब्द जोखून पगार घेतलेली बाई, म्हणाले, स्वातंत्र्य पाहिजे होतं ना, मग राहा एकटी. शेजारच्या गुलाबबाई काय म्हणतील याची मला भीती वाटली होती, दिपू, आणि ती भीती मी तुला तत्त्व म्हणून ऐकवली. तू नवऱ्यापासून सुटलीस. घरापासून तुला मी तोडलं. भाऊंना ढोराचं सुनावताना ‘कोणी न्यायले आलं नाही’ हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि तेव्हा कुठे मला कळलं. तुझ्या खोलीत आम्ही भरलेली रद्दी आणि शिलाई मशीन काल बाहेर काढलं. कधी यायचं, किती दिवस राहायचं, यायचं तरी की नाही, ते तू ठरव. मी कारण विचारणार नाही. गुलाबबाई विचारतीलच. त्यांना उत्तर मी देईन, आणि ते त्यांना मुळीच आवडणार नाही.

तुझीच, स्वतःवरच धुसफुसणारी,
आई